खिशातली जुनी घड्याळं: वेस्ट एंड, रेल्वेची, फौजेची. ओळख, पारख आणि जपणूक

टिकटिक (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मनगटी घड्याळांवर इथे बरंच लिहून झालंय. खिशातल्या, साखळीच्या घड्याळांवर मात्र इकडेतिकडे एखाददुसऱ्या प्रतिसादापलीकडे काही सापडत नाही, म्हणून हा धागा. ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांचं घड्याळ पडून आहे, ज्यांना जमवायची आवड आहे, ज्यांना दुरुस्तीतलं कळतं, सगळ्यांनी लिहा. फोटो टाका.

दुर्मीळ घड्याळ म्हटलं की लोक थेट ब्रेगे या नामवंत घड्याळजीच्या १६० नंबरच्या घड्याळावर जातात. फ्रान्सच्या राणीसाठी, मारी आंत्वानेतसाठी, १७८३ साली त्याची मागणी नोंदवली गेली आणि ते पुरं झालं १८२७ साली, राणीचा शिरच्छेद होऊन ३४ वर्षं उलटल्यावर. १९८३ मध्ये ते जेरुसलेमच्या संग्रहालयातून चोरीला गेलं आणि २००७ मध्ये परत मिळालं. नाहीतर मग पाटेक फिलिपने हेन्री ग्रेव्ह्जसाठी केलेलं २४ करामतींचं (म्हणजे साध्या वेळेपलीकडच्या जादा सोयींचं) घड्याळ. २०१४ च्या जिनिव्हातल्या लिलावात ते सुमारे २ कोटी ४० लाख डॉलरना गेलं. या घड्याळांबद्दल वाचायला मलाही फार आवडतं. पण दुर्मीळपणाचा तो एकच प्रकार नाही. आपल्याकडच्या बाजारात माझ्या लेखी सर्वांत दुर्मीळ आहे ते कुणी हात न लावलेलं घड्याळ. तबकडी मूळची, काटे मूळचे, केस (बाहेरची धातूची डबी) मूळची, मशीन मूळचं. कंपनी साधी असली तरी चालेल. गेल्या काही वर्षांत अशी घड्याळं झपाट्याने नाहीशी होताहेत, आणि त्यातली निम्मीअधिक 'चकचकीत' करण्याच्या नादात, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी जमवतो ती मुख्यतः हिंदुस्थानात विकली गेलेली घड्याळं. स्विस कंपन्यांनी ही बाजारपेठ फार लवकर हेरली. फेवर-लूबाने १८६५ साली मुंबईत बस्तान बसवलं. वेस्ट एंड वॉच कंपनी तर १८८६ मध्ये मुंबईतच उभी राहिली. घड्याळं बनायची स्वित्झर्लंडमध्ये आणि तबकडीवर 'बॉम्बे–कलकत्ता' अशी अक्षरं घेऊन इकडे यायची. 'क्वीन अ‍ॅन', 'मॅचलेस', 'सोवार' ही त्यांची नावं जुन्या लोकांच्या अजून लक्षात असतील. आत मशीन कधी लॉन्जिनचं, कधी दुसऱ्या कुणाचं.

बाजारात सर्वांत जास्त दिसतात ती रॉसकॉफ पद्धतीची. जॉर्ज फ्रेडरिक रॉसकॉफने १८६७ साली कामगाराला परवडेल असं २० फ्रँकचं घड्याळ काढलं. चाकं कमी, आणि पॅलेटवर (चाक अडवत-सोडत टिकटिक करणाऱ्या भागावर) रत्नांच्या जागी पोलादी पिना. पुढे अनेक कारखान्यांनी त्याच्या नकला केल्या. तबकडीवर इंजिनाचं चित्र आणि 'रेल्वे रेग्युलेटर' अशी अक्षरं असतात, पण एवढ्यावरून ते कुठल्या रेल्वेने दिलेलं होतं असं ठरत नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी किंवा मुंबईच्या चोरबाजारात 'रेल्वेवालं ओरिजनल' म्हणून हेच हातात ठेवतात.

घेताना मी कुठे बघतो ते सांगतो.

आधी तबकडी. जुनी पांढरीशुभ्र तबकडी बहुतेक वेळा मिन्याची असते, म्हणजे तांब्याच्या पातळ पत्र्यावर काचेची भुकटी भट्टीत वितळवून केलेली. ती शंभर वर्षांनीही पिवळी पडत नाही. तिला बारीक चिरा जातात, कडेला टवका उडतो, ते चालतं. आकडे भट्टीत भाजून पक्के केलेले असतात, त्यामुळे भिंगाखाली कडा स्वच्छ दिसतात. धातूची तबकडी पुन्हा रंगवलेली असेल तर अक्षरं फुगीर दिसतात आणि सेकंदाच्या छोट्या वर्तुळातल्या रेघा मध्याला जुळत नाहीत. मनगटी घड्याळांत ज्याला 'मुंबई स्पेशल' म्हणतात, तोच उद्योग आता इथेही सुरू आहे.

मग काटे. निळे काटे खरे असतील तर ते पोलाद तापवून निळे केलेले असतात. घड्याळ हातात फिरवलं की निळा रंग काळपट होतो, पुन्हा उजळतो. रंग लावलेला काटा कुठूनही एकसारखाच निळा.

केसवर 'वॉरंटेड २० इयर्स' असं असेल तर ते सोन्याचं घड्याळ नव्हे. दोन बाजूंनी सोन्याचा पातळ पत्रा आणि मधे हलका धातू, आणि वरचा पत्रा किती वर्षं टिकेल याची ती हमी. अस्सल सोन्याला अशी हमी कुणी देत नाही. चांदीत इंग्लिश केस असेल तर चालत्या सिंहाचा ठसा शोधा, शेजारी जहाजाचा नांगर असेल तर ठसा बर्मिंगहॅमचा. स्विस चांदीवर अस्वल असेल तर चांदीची शुद्धता ०.८७५, रानकोंबडा असेल तर ०.८००.

शेवटी केस आणि मशीन एकमेकांचेच आहेत का ते बघायचं. बाजारात याला 'लग्न लावलेलं' म्हणतात. केसच्या आतल्या कडेवर स्क्रूंचे जादा वळ दिसले की समजायचं, आधी इथे दुसरं मशीन नांदत होतं. इंग्लिश आणि चांगल्या स्विस घड्याळांत दोन्हींवरचे नंबर जुळायला हवेत. अमेरिकन घड्याळांना हा नियम लावू नका. तिकडे मशीन आणि केस वेगवेगळे विकले जात आणि गिऱ्हाईक दुकानात जोडी ठरवत असे.

---

भुसावळकर

उत्तम धागा. रेल्वेत नोकरी केली म्हणून दोन गोष्टी भर घालतो.

केसच्या पाठीवर रेल्वेची आद्याक्षरं कोरलेली असतील तर काळाचा अंदाज बांधता येतो. जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) आणि बी.बी. अँड सी.आय. (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया) या दोन्ही ५ नोव्हेंबर १९५१ ला संपल्या, मध्य आणि पश्चिम रेल्वे झाल्या. एम. अँड एस.एम., म्हणजे मद्रास अँड सदर्न मराठा, ही १९०८ ते एप्रिल १९५१. पुणे–मिरज–बेळगाव मार्ग तिच्याकडे होता, त्यामुळे सांगली-कोल्हापूरकडच्या घरांत ही अक्षरं सापडू शकतात.

गार्डाचं घड्याळ शोभेचं नव्हतं. रोज १६ वाजता मुख्य स्टेशनांना प्रमाणवेळ कळवायची, आणि गाडी सुटण्याआधी गार्डाने आपलं घड्याळ स्टेशनच्या घड्याळाशी लावून ड्रायव्हरला वेळ सांगायची, ड्रायव्हरने आपलं त्याप्रमाणे लावायचं. हे नियमच आहेत. दोघांच्या खिशात एकच वेळ असली पाहिजे, यावर सगळं अवलंबून.

---

मांडवी

भुसावळकर काका, १९०६ च्या आधी तर वेळही एक नव्हती ना? मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे आणि रेल्वे चालायची मद्रास वेळेवर, ५ तास २१ मिनिटं. म्हणजे बोरीबंदरला गाडी पकडणाऱ्याला खिशातल्या घड्याळात अर्धा तास मिळवूनच निघावं लागे.

---

भुसावळकर

बरोबर. १ जानेवारी १९०६ ला भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबई शहरात 'बॉम्बे टाइम' पुढे कितीतरी वर्षं चालू होता. जुन्या माणसांच्या तोंडी 'रेल्वेचा टाइम की मुंबईचा' असं असायचं.

---

रेवती_क

धागा अगदी वेळेवर आला. माझे पणजोबा जी.आय.पी. रेल्वेत गार्ड होते, इगतपुरी ते भुसावळ. त्यांचं घड्याळ आईच्या कपाटात सापडलं. तबकडीवर 'वेस्ट एंड वॉच कं. बॉम्बे–कलकत्ता', पाठीवर जी.आय.पी.आर. आणि खाली एक नंबर. चावी फिरत नाही, घट्ट झाली आहे. आई म्हणते चावी जास्त बसली म्हणून बंद पडलं. पाठ काळवंडली आहे, ती पॉलिश करून, जमलं तर निकेल चढवून घ्यावी असा घरचा विचार आहे. भाऊ न्यू जर्सीला असतो, त्याला ते हवंय.

तीन प्रश्न: उघडायचं कसं? पॉलिश करू का? पाठवायचं कसं?

---

टिकटिक (धागाकर्ता)

रेवतीताई, कृपा करून पॉलिशला देऊ नका! बाकी सविस्तर लिहितो, पण हे आधी.

---

चावीवाला

ताई, उघडण्याचं मी सांगतो. वडिलांचं कोल्हापुरात घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं, मीही त्याच कामात वाढलो.

पाठीच्या कडेवरून नख फिरवा. बिजागरीच्या समोरच्या बाजूला किंवा क्राउनजवळ (चावी द्यायच्या गोल बटणाजवळ) एक बारीक ओठ लागेल. तिथे अंगठ्याच्या नखाने उचला. स्क्रूड्रायव्हर, सुरी, ब्लेड अजिबात नको, निसटलं की पाठीवर कायमची रेघ. ओठ किंवा बिजागरी नसेल तर पाठ आट्याची असते. रबराचा हातमोजा घालून तळवा दाबून डावीकडे फिरवा. आत बहुधा दुसरं झाकण असेल, तेही तसंच. त्याच्या आत मशीन. मशीनला बोट लावू नका, बोटाच्या घामाने आठवड्याभरात डाग धरतो.

आईंना सांगा, चावी जास्त बसून घड्याळ बंद पडत नाही. कमान (घड्याळ चालवणारी मुख्य स्प्रिंग) पूर्ण गुंडाळली की चावी थांबते, एवढंच. तेल वाळून चिकट झालेलं असतं, त्यामुळे भरलेली कमान उलगडतच नाही. तेव्हा जोर करू नका, हलवून-आपटून चालू करू नका. जुन्या घड्याळांच्या बॅलन्सला (पुढेमागे झुलणाऱ्या चाकाला) धक्का सोसणारी स्प्रिंग नसते. एकदा पडलं की बॅलन्सचा दांडा मोडतो, आणि तो लेथवर नवा करून देणारे कारागीर आता मोजकेच उरलेत.

---

ओहायोकर

गार्डांच्या घड्याळांचा विषय निघाला म्हणून इकडची हकिगत सांगतो. मी क्लीव्हलंडजवळ राहतो. इथून तासाभराच्या अंतरावर किप्टन नावाचं गाव आहे. एप्रिल १८९१ मध्ये तिथे दोन गाड्यांची समोरासमोर टक्कर झाली. एका ड्रायव्हरचं घड्याळ चार मिनिटं थांबून पुन्हा चालू झालं होतं आणि त्याला पत्ताच नव्हता. त्यानंतर क्लीव्हलंडचे सराफ वेब बॉल यांना रेल्वे कंपनीने घड्याळ-तपासणीचं काम दिलं आणि पुढे अमेरिकेत रेल्वे घड्याळांचे कडक निकष रुळले. झाकण नसलेलं तोंड, ठळक आकडे, क्राउन बाराच्या डोक्यावर, कमीत कमी १७ रत्नं (झीज कमी करणारे बारीक खडे), पाच स्थितींत (आडवं, उभं वगैरे ठेवून) जुळवलेलं, आठवड्याला ३० सेकंदांपेक्षा जास्त फरक नको.

मला त्यातली सर्वांत आवडती गोष्ट म्हणजे काटे लावायची पद्धत. क्राउन ओढून काटे फिरतच नाहीत. पुढची काचेची कडी आट्यांवरून काढायची, तबकडीच्या कडेचा लपलेला खटका बाहेर ओढायचा, मगच काटे हलतात. खिशातून काढता-घालता चुकून वेळ बदलायची सोयच ठेवली नाही. १९०३ पासूनचं हॅमिल्टन ९९२ हे त्या वर्गातलं गाजलेलं मशीन. माझ्याकडे एक आहे आणि ते आजही उत्तम वेळ दाखवतं.

अमेरिकन घड्याळं जमवणाऱ्यांची एक मोठी सोय आहे. मशीनवरच्या सिरियल नंबरावरून वॉलथम, एल्जिन, हॅमिल्टनचं साल तक्त्यांत मिळतं.

---

रेवती_क

उघडलं! चावीवाला दादा, नखानेच उघडलं.

आतल्या झाकणाखाली मशीन अगदी लखलखीत आहे. एका पट्टीवर पंख असलेलं वाळूचं घड्याळ कोरलंय. आणि पाठीच्या आतल्या बाजूला सुईने ओरखडल्यासारखी बारीक अक्षरं आहेत, काही इंग्रजी, एका ठिकाणी देवनागरीत 'ना.' आणि पुढे ३/३८. हे काय आहे? कुणी खराब केलंय का?

---

टिकटिक (धागाकर्ता)

पंखांचं वाळूचं घड्याळ म्हणजे लॉन्जिन. १८८९ साली नोंदवलेलं बोधचिन्ह, आजही तेच वापरतात. म्हणजे तुमच्याकडे वेस्ट एंडच्या नावाने आलेलं लॉन्जिनचं मशीन आहे, तेही रेल्वेच्या कोरीव अक्षरांच्या मूळ केसमध्ये. फार छान चीज आहे ही.

आणि ते ओरखडे कुणी खराब केलेले नाहीत. घड्याळजी दुरुस्तीला आलेल्या घड्याळाच्या पाठीत आतून आपली खूण आणि तारीख सुईने कोरून ठेवत, म्हणजे घड्याळ परत आलं तर आपण कधी उघडलं होतं ते कळावं. ३/३८ म्हणजे बहुधा मार्च १९३८. 'ना.' म्हणजे नाशिक असेल किंवा घड्याळजीच्या नावाचं पहिलं अक्षर. मोठं भिंग घेऊन सगळ्या खुणा उतरवून काढा. तुमच्या पणजोबांनी हे घड्याळ किती निगुतीने वापरलं, ते या खुणा सांगतात. इंटरनेटवर विकत घेतलेल्या कुठल्याही घड्याळाला हे मिळणार नाही.

पॉलिशला नको म्हणालो ते यासाठीच. पॉलिशचं चाक धातू खरवडून काढतं. आधी अक्षरांच्या कडा गोल होतात, मग उथळ होतात, आणि तीनचार पॉलिशनंतर 'जी.आय.पी.आर.' हे फक्त तिरप्या उजेडात दिसतं. वर निकेल चढवलं की खोबणी भरून उरलंसुरलं जातं. पूर्वी एका ठिकाणी बी.बी. अँड सी.आय. चं घड्याळ विकत घ्यायला गेलो होतो, फोटोत अक्षरं स्पष्ट होती. पोचेपर्यंत विक्रेत्याने 'तुमच्यासाठी' पॉलिश करून ठेवलं होतं. नंबर गेला होता. मी ते घेतलं नाही, आणि त्याला कारण समजावून सांगितलं, निदान पुढचं तरी वाचेल म्हणून.

आता एक काम करा. मशीनवरचा सिरियल नंबर उतरवून लॉन्जिनला कळवा. त्यांच्या जुन्या हस्तलिखित नोंदवह्या शाबूत आहेत, त्यातून घड्याळ कधी आणि कुठल्या एजंटाकडे गेलं ते सांगतात.

---

शरद_ठाणे

टिकटिक, तुमचा मुद्दा संग्राहकाच्या दृष्टीने ठीक आहे. पण ज्याला विकायचं नाही, फक्त घरात काचेखाली ठेवायचं आहे, त्याने काळवंडलेलं का ठेवावं? आम्ही आजोबांचं चांदीचं घड्याळ दरवर्षी दिवाळीला बाकीच्या चांदीबरोबर रांगोळीने घासतो. छान दिसतं.

---

टिकटिक (धागाकर्ता)

शरदराव, घर तुमचं, घड्याळ तुमचं, आणि दिवाळीला ते काढून पुसलं जातं हेच मोठं आहे. पण रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी. देवाचं तबक जाड असतं, ते सोसतं. घड्याळाची केस पातळ पत्र्याची. एकदा भिंगाने पाठीच्या आतली आणि बाहेरची बाजू शेजारी ठेवून बघा. आत सिंह, नांगर, तारखेचं अक्षर ठसठशीत असेल. बाहेर नक्षी होती की नाही हेही कळणार नाही. शिवाय बिजागरीतून ती भुकटी मशीनमध्ये उतरते आणि तेलात मिसळून चुळांना (चाकांच्या दांड्यांच्या टोकांना) खाते. सुती मऊ कापडाने कोरडं पुसा. काळपटपणा थोडा राहतो, राहू द्या.

---

शरद_ठाणे

आत्ता बघितलं. आतले ठसे स्वच्छ आहेत, बाहेर वेलबुट्टीची नुसती चाहूल उरली आहे. यंदापासून बंद.

---

मांडवी

आमच्या मडगावच्या घरी एक फार जुनं किल्लीचं घड्याळ आहे, जाड, कांद्याएवढं. उघडल्यावर आत शंकूसारखा भाग आणि त्यावर अतिशय बारीक साखळी गुंडाळलेली आहे. हे काय असतं?

---

चावीवाला

फ्यूझी! जपून हाताळा. कमान भरलेली असते तेव्हा जोर जास्त, उलगडत आली की कमी. तो जोर सारखा करायला ती शंकूची युक्ती. पूर्ण भरलेली असताना साखळी शंकूच्या अरुंद टोकावरून ओढते, सैल पडत जाते तशी रुंद भागावरून, त्यामुळे चाकांना मिळणारी ओढ सारखी राहते. भिंगाखाली ती साखळी हुबेहूब सायकलच्या चेनसारखी दिसते, पण जाडीला दोऱ्याइतकी. इंग्लंडच्या क्राइस्टचर्च गावात गरीब बायका आणि मुलं या साखळ्या बनवत, डोळे फोडून घेणारं काम होतं ते.

किल्ली उलट फिरवू नका आणि साखळी तुटलेली असेल तर कमान भरू नका. आणि हे घड्याळ दिवसाला काही मिनिटं इकडेतिकडे जाणारच. ती त्या काळच्या रचनेची मर्यादा आहे, बिघाड नव्हे.

---

देवळालीकर

फौजेच्या घड्याळांबद्दल कुणी लिहिलं नाही. दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश सैन्याची खिशातली घड्याळं देवळाली, खडकी, नगर अशा छावण्यांच्या गावांत अजून निघतात. पाठीवर बाणाची खूण, खाली 'जी.एस.टी.पी.' आणि नंबर. बनवणारे अनेक: ओमेगा, सायमा, डॉक्सा, हेल्व्हेशिया, जॅगर-लकूल्त्र. म्हणजे खूण एकच, आत मशीन मात्र वेगवेगळं. कुणी फक्त ही एक मालिका जमवायची ठरवली तरी आयुष्यभराचं काम आहे.

एक कळकळीची विनंती. या घड्याळांपैकी ज्यांचे आकडे आणि काटे अंधारात चमकण्यासाठी रंगवलेले आहेत, त्यात रेडियम आहे. आता ते चमकत नाहीत म्हणून लोकांना वाटतं, संपलं. संपलेलं नाही. चमकणारं रसायन थकलं, रेडियम तसंच आहे, त्याचं अर्धं आयुष्य १६०० वर्षांचं. काच काढून तो रंग खरवडू नका, फुंकू नका, ब्रश मारू नका. ती पूड श्वासातून शरीरात जाणं हा खरा धोका. बंद काचेत ठेवा, उशाशी ठेवू नका. घड्याळजीला देताना आधी सांगा, त्याला माहीत असेलच असं धरून चालू नका.

---

चावीवाला

देवळालीकर साहेबांना दुजोरा. दुकानात हे कुणी सांगत नसे. वडील तबकडीवर फुंकर मारत, तो काळच तसा होता.

---

नवखा_संग्राहक

मला सुरुवात करायची आहे, खर्च फार करता येणार नाही. काय घेऊ? आणि भाव कसे ठरतात? गांधीजींचं घड्याळ कोटींत गेलं असं वाचलं होतं.

---

टिकटिक (धागाकर्ता)

गांधीजींचं झेनिथ चांदीचं, गजराचं घड्याळ. मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कला त्यांचा चष्मा, चपला, ताट-वाटी यांच्यासोबत एकत्र १८ लाख डॉलरना गेलं. तो भाव महात्माजींच्या स्पर्शाचा. तशाच दुसऱ्या झेनिथला त्याचा लहानसा अंशही मिळणार नाही.

सुरुवात एचएमटीच्या खिशातल्या घड्याळाने करा. आपल्या सरकारी कारखान्याचं, चावीचं, सुटे भाग अजून मिळतात, शिकलेला घड्याळजीही मिळतो. अंध व्यक्तींसाठी काच उघडून काटे चाचपता येतील असंही त्यांनी काढलं होतं, ते मिळालं तर सोडू नका. मग एखादं चालू स्थितीतलं वेस्ट एंड. पाच स्वस्त घेण्यापेक्षा एक मूळ स्थितीतलं घ्या.

नव्या पितळी घड्याळांपासून लांब राहा. 'व्हिक्टोरिया लंडन' आणि एखादं जुनं साल कोरलेली, काळपट रंग दिलेली घड्याळं सगळीकडे विकायला आहेत. उघडली तर आत बॅटरी नाहीतर अलीकडचं हलकं मशीन.

आता रेवतीताईंचा तिसरा प्रश्न राहिलाय. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे कारागिरी, विज्ञान किंवा इतिहास दाखवणारी वस्तू १०० वर्षं किंवा त्याहून जुनी असेल तर ती पुरावशेषात मोडू शकते, आणि पुरावशेष खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. घरचं असलं, भेट असली तरीही. त्यामुळे लॉन्जिनकडून येणारं साल इथे निर्णायक आहे. शंभरच्या आत असेल तर पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून 'पुरावशेष नाही' असा दाखला घेऊनच भावाने सोबत न्यावं. कुरिअरने तर अजिबात नको. शंभरच्या पुढे असेल तर ते इथेच राहील. मला विचाराल तर राहावं. ज्या मार्गावर ते चाललं तो मार्ग इथे आहे, आणि त्यातल्या खुणा वाचणारी माणसंही इथेच आहेत.

---

भुसावळकर

रेवतीताई, पाठीवरचा नंबर मला व्यक्तिगत निरोपात कळवा. जुन्या गार्ड मंडळींपैकी एकदोघे अजून संपर्कात आहेत, तो नंबर घड्याळाचा की कर्मचाऱ्याचा, ते विचारतो. पणजोबांच्या नोकरीचा एखादा कागद, पेन्शनचं पुस्तक सापडलं तर घड्याळाशेजारीच ठेवा.

---

रेवती_क

सर्वांचे मनापासून आभार. भावाशी बोलणं झालं, हा धागा त्याने वाचला. म्हणाला, राहू दे तिथेच, पुढच्या वर्षी येईन तेव्हा मीच चावी देईन. पेन्शनचं पुस्तक सापडलंय, आत पणजोबांचा शिक्का-सही आहे. भुसावळकर काका, नंबर पाठवलाय. लॉन्जिनला ईमेल केलंय, उत्तर आलं की इथे लिहीन.

चावीवाला दादांनी सुचवलेल्या घड्याळजींकडून सफाई आणि तेलपाणी करून घेतलं, पाठ तशीच ठेवली. चालू झालं! पण दिवसाला चार-पाच मिनिटं पुढे जातंय. मशीन बदलावं लागेल का?

---

चावीवाला

मशीन बदलायचा विचारही नको. पुढे जाण्याचं पहिलं कारण तपासा: चुंबक. मोबाइलच्या स्पीकरजवळ किंवा चुंबकाच्या झाकणाच्या पर्सजवळ ठेवलं होतं का? हेअरस्प्रिंगला (बॅलन्सच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगला) चुंबक धरलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पळायला लागतं. छोटा होकायंत्र घड्याळाजवळ न्या, सुई फिरली तर घड्याळजींना चुंबक उतरवायला सांगा, दोन मिनिटांचं काम.

तसं नसेल तर बॅलन्सच्या वरच्या पट्टीवर एक बारीक दांडी दिसेल, तिच्या टोकाला ए–आर किंवा एफ–एस अशी अक्षरं (ए किंवा एफ म्हणजे जलद, आर किंवा एस म्हणजे सावकाश). घड्याळजी ती आर किंवा एसकडे केसभर सरकवतील. तुम्ही स्वतः करू नका, चिमटा निसटला तर हेअरस्प्रिंग जाईल. मग रोज सकाळी एकाच वेळी चावी द्या, घड्याळ क्राउन वर करून टांगून ठेवा, कारण खिशात ते उभंच असतं, आणि आडवं-उभं यात फरक पडतो. पावसाळ्यात डबीत सिलिका जेलची पुडी ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका. आठवडाभर रोजचा फरक लिहून काढा आणि आकडे इथे टाका, त्यावरून दांडी अजून किती सरकवायची ते सांगतो.